आम्लाऐवजी विकराचे मणी: स्थिरीकृत लायपेज-बी चार वर्षे वापरल्यानंतर

रासायनिक अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी ‘हरित उत्प्रेरक’ म्हणून जी उत्पादने विकत मिळतात, त्यांपैकी ॲक्रिलिक रेझिनच्या मण्यांवर बसवलेले लायपेज-बी हे विकर मी गेली चार वर्षे सातत्याने वापरत आले आहे. हे विकर मूळचे कँडिडा अंटार्क्टिका या यीस्टचे आहे. ते अनेक पुरवठादारांकडून, निरनिराळ्या नावांनी आणि थोड्याफार फरकाच्या आधारांवर मिळते. त्यामुळे हे परीक्षण कोणा एका कंपनीचे नसून या प्रकारच्या उत्पादनाचे आहे, आणि जिथे तक्रार आहे तिथे पुरवठादाराचे नाव मी मुद्दाम घेतलेले नाही. याच काळात दुसऱ्या एका अभिक्रियेसाठी वापरलेल्या जिवाणूपेशींविषयीही पुढे लिहिले आहे, कारण प्रयोगशाळेत नव्याने आलेला विद्यार्थी ‘विकर घ्यावे की अख्खा जिवाणू’ हा प्रश्न हमखास विचारतो आणि दोन्ही हाताळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

डबा उघडला की आत फिकट पिवळसर, एक मिलिमीटरहूनही लहान मणी दिसतात. ते बारीक वाळूसारखे घरंगळतात. मात्र हवा कोरडी असेल तर स्थिर विद्युतभारामुळे चमच्याला आणि वजनकाट्यावरच्या काचपात्राला असे चिकटून बसतात, की वीस-पंचवीस मिलिग्रॅम अचूक मोजणे हे संयमाचे काम होते. मण्याच्या वजनातला बहुतेक भाग प्लॅस्टिकचा असतो. प्रथिन त्याच्या सच्छिद्र पृष्ठभागावर, तेही मुख्यतः बाहेरच्या थरात, केवळ अधिशोषणाने धरलेले असते. तिथे कोणताही रासायनिक बंध नसतो. या उत्पादनाचे बहुतेक गुण आणि जवळजवळ सगळे दोष याच एका गोष्टीतून निघतात, म्हणून ती सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

विकराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. अंटार्क्टिकातील व्हांडा सरोवराच्या गाळातून हे यीस्ट वेगळे करण्यात आले. लायपेज-बी ही ३१७ अमिनो आम्लांची, सुमारे ३३ हजार डाल्टन रेणुभाराची साखळी असून तिची त्रिमितीय रचना १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. क्रमांक १०५ चे सेरीन, १८७ चे ॲस्पार्टेट आणि २२४ चे हिस्टिडीन असे साखळीतले तीन अवशेष, म्हणजे तीन अमिनो आम्ले, मिळून प्रत्यक्ष काम करतात. सेरीन आधी मेदाम्लाचा ॲसिल गट स्वतःवर घेते, मग समोर आलेले अल्कोहोल तो गट उचलते आणि एस्टर, म्हणजे आम्ल व अल्कोहोल जोडून झालेले संयुग, बाहेर पडते. पाण्यात हेच विकर एस्टर तोडते; पाणी काढून घेतले की त्याच जागी, त्याच तीन अवशेषांच्या साहाय्याने, ते एस्टर जोडते. बर्फाच्या प्रदेशातून आलेले हे प्रथिन ६० अंश सेल्सिअसला दिवसेंदिवस निमूटपणे काम करते, याचे मला आजही नवल वाटते. पाण्याच्या अभावात प्रथिनाचा आकार घट्ट राहतो, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. १९८४ मध्ये झॅक्स आणि क्लिबानोव्ह यांनी डुकराच्या स्वादुपिंडातील लायपेज जवळजवळ कोरड्या सेंद्रिय माध्यमात १०० अंश सेल्सिअसलाही कित्येक तास टिकते हे दाखवले, आणि विकर म्हणजे पाण्यातच चालणारी नाजूक वस्तू हा समज तेव्हापासून मागे पडत गेला.

आम्ही हे मणी मागवले ते मिरिस्टिल मिरिस्टेटसाठी. त्वचेच्या क्रीममध्ये वापरला जाणारा हा मेणासारखा एस्टर मिरिस्टिक आम्ल आणि मिरिस्टिल अल्कोहोल यांपासून बनतो. रूढ पद्धतीत तीव्र आम्ल किंवा कथिलाचे संयुग घालून १८० अंशांच्या वर तापवावे लागते. त्या तापमानाला रंग पिवळा पडतो, वास येतो आणि मग ब्लीचिंग, गंधहरण, उदासिनीकरण, धुणे अशी एकामागून एक कामे करावी लागतात. गंधकाम्ल वापरले तर त्याच्या प्रत्येक ९८ ग्रॅमच्या उदासिनीकरणातून १४२ ग्रॅम सोडियम सल्फेट निघते आणि ते सांडपाण्यात जाते. विकराच्या मार्गाने पाहिले तर मिरिस्टिक आम्ल ५४ अंशांच्या आसपास वितळते, अल्कोहोल ३८ ला. म्हणजे ६० अंशांना दोन्हींचा स्वच्छ द्रव होतो आणि वेगळ्या द्रावकाची गरजच उरत नाही. ४२५ ग्रॅम एस्टरमागे बाहेर पडते ते १८ ग्रॅम पाणी, दुसरे काही नाही. कागदावर यापेक्षा नेटकी अभिक्रिया मिळणे कठीण आहे.

प्रत्यक्षात पहिले काही आठवडे आमची निराशा झाली. पहिल्या बॅचमध्ये रूपांतर उत्तम झाले, उत्पादन पाण्यासारखे रंगहीन निघाले आणि आम्ही खूश झालो. गाळून घेतलेले मणी दुसऱ्या, तिसऱ्या बॅचमध्ये घातले तेव्हा वेग स्पष्ट मंदावला. चौथ्या बॅचला द्रव दुधाळ दिसू लागला आणि गाळणीच्या सिंटर्ड काचेतून तो उतरेचना. चिमूटभर गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा गोल मण्यांऐवजी काचेच्या चुऱ्यासारखे धारदार तुकडे दिसले. दोष आमच्या ढवळण्यात होता. गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये चुंबकीय दांडी फिरते तेव्हा ती मण्यांना काचेच्या तळाशी जात्यासारखी भरडते. ॲक्रिलिक मणी यांत्रिकदृष्ट्या ठिसूळ आहेत. त्यांना वरून ढवळलेले एक वेळ चालते, पण तळाशी घासलेले अजिबात चालत नाही. ही गोष्ट उत्पादनासोबत आलेल्या कागदांत एका ओळीतही नव्हती, आणि माझ्या मते ती पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असायला हवी.

वेग मंदावण्याचे दुसरेही कारण असू शकते, ते म्हणजे विकर मण्यावरून सुटून द्रवात उतरणे. ते तपासण्याची रीत सोपी आहे आणि हे उत्पादन वापरणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी करून पाहावी. अभिक्रिया साधारण निम्मी झाली असताना, तापमान न घसरू देता, गरम असतानाच मणी गाळून काढावेत आणि उरलेला द्रव त्याच तापमानाला तसाच ठेवून दर तासाला त्याचे आम्लमूल्य, म्हणजे उरलेल्या आम्लाचे प्रमाण, मोजावे. ते जागेवर थांबले तर विकर मण्यांवरच आहे. घसरतच राहिले तर विकर द्रवात आले आहे. सोबत विकराविना, कोऱ्या रेझिनचीही एक चाचणी लावावी, म्हणजे उष्णतेनेच होणारे थोडेसे रूपांतर विकराच्या नावावर जमा होत नाही. आमच्या मेणासारख्या, पाणी नसलेल्या मिश्रणात गळती नगण्य निघाली. परंतु पाण्याचा अंश असलेल्या मिश्रणात, आणि विशेषतः पृष्ठसक्रिय पदार्थासारखे वागणारे उत्पादन तयार होत असेल तेव्हा, चित्र वेगळे होते. अधिशोषणाने धरलेले प्रथिन अशा मिश्रणात हळूहळू धुऊन निघते. मोनोग्लिसराइडसारख्या उत्पादनासाठी हे मणी घेणाऱ्यांनी ही चाचणी आधी करावी आणि पुनर्वापराच्या आशा मग बांधाव्यात.

आमची खरी सुटका झाली ती ढवळणेच सोडून दिल्यावर. एक अरुंद, उभी, दुहेरी भिंतीची काचेची नळी घेतली. बाहेरच्या कप्प्यातून ६० अंशांचे पाणी फिरवले, तळाशी सच्छिद्र काचेची तबकडी बसवली आणि तिच्यातून कोरडा नायट्रोजन संथपणे सोडला. बुडबुडे वर जाताना मण्यांना अलगद उचलतात, ते नळीभर तरंगत राहतात आणि एकमेकांवर फारसे आपटत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अभिक्रियेत तयार होणारे पाणी हाच कोरडा वायू सोबत घेऊन जातो. एस्टर तयार होण्याची अभिक्रिया उलटीही चालते, त्यामुळे पाणी साचू दिले की रूपांतर अडते; शिवाय जास्तीचे पाणी मण्याच्या छिद्रांत साठून विकराभोवती थर धरते आणि तेलकट रेणूंना आत येऊ देत नाही. एकाच वायूने ढवळणे आणि वाळवणे ही दोन्ही कामे केली. या मांडणीत तेच मणी पंधराव्या बॅचलाही गोल आणि अखंड होते आणि वेगात जो फरक दिसला तो मोजमापाच्या चुकीइतकाच होता. बुडबुड्यांच्या नळीची ही कल्पना आमची नव्हे. अशा दाट एस्टरांसाठी ती आधीपासून अभ्यासली गेली आहे. आम्ही ती आधी वाचली असती तर निम्मा डबा भरडून गेला नसता.

पाण्याविषयी आणखी एक सूचना करते. पाणी काढायचे म्हणून ते शेवटच्या थेंबापर्यंत काढू नये. प्रथिनाला स्वतःची लवचिकता राखायला थोडे बांधलेले पाणी लागते. आमच्या एका विद्यार्थ्याने मणी व्हॅक्यूम ओव्हनमध्ये दोन दिवस वाळवून वापरले आणि सुरुवातीचा वेग घसरला. लायपेज-बी याबाबतीत इतर लायपेजांपेक्षा पुष्कळ सोशिक आहे, पण सोशिक असणे म्हणजे गरजच नसणे नव्हे.

द्रावक निवडताना १९८७ मध्ये मांडला गेलेला लॉग पी चा (द्रावक पाण्यापेक्षा तेलकट माध्यमात किती जास्त विरघळतो, याच्या मापाचा) नियम अजूनही पहिला अंदाज म्हणून उपयोगी पडतो: ज्या द्रावकाचा लॉग पी ४ पेक्षा जास्त असतो त्यात विकरे सहसा टिकतात, आणि २ पेक्षा कमी असेल तर द्रावक प्रथिनाचे आवश्यक पाणी ओढून घेतो. लायपेज-बी या नियमाला बऱ्याचदा अपवाद ठरते; टर्शरी ब्युटॅनॉल आणि ॲसिटोनमध्येही ते व्यवस्थित काम करते. विकर टिकले तरी आधार टिकेलच असे मात्र नाही. काही सेंद्रिय माध्यमांत रेझिन फुगते, मऊ पडते आणि क्वचित विरघळूही लागते, आणि मग उत्पादनातच विरघळलेले प्लॅस्टिक मिसळते. नवे माध्यम वापरायचे असेल तेव्हा मी चिमूटभर मणी त्यात रात्रभर अभिक्रियेच्याच तापमानाला ठेवते, सकाळी गाळून, द्रावक उडवून, तळाशी काही उरते का ते पाहते. या साध्या चाचणीने आम्हाला दोनदा वाचवले आहे.

हे मणी जिथे आपले संपूर्ण मोल वसूल करतात ते क्षेत्र म्हणजे प्रतिबिंबरूपी, म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारख्या, रेणूंचे विभाजन. १-फिनिलइथेनॉलचे दोन्ही रूपांचे समप्रमाणातले मिश्रण आणि व्हिनाइल ॲसिटेट एकत्र घेऊन हे मणी घातले, की विकर जवळजवळ फक्त ‘आर’ रूपाचे ॲसिटेट बनवते आणि ‘एस’ रूपाचे अल्कोहोल तसेच मागे ठेवते. असा भेद का होतो, याचे स्पष्टीकरण विकराच्या खोबणीच्या आकारात आहे: अल्कोहोलच्या कार्बनवरचा मोठा गट एका बाजूला मावतो, लहान गटासाठी दुसरीकडे एक छोटा कप्पा आहे, आणि चुकीच्या रूपात मोठा गट त्या छोट्या कप्प्यात कोंबावा लागतो. मी पहिल्यांदा कायरल कॉलमवरचा (ही दोन रूपे वेगळी करून मोजणाऱ्या नळीवरचा) आलेख पाहिला तेव्हा दोन सारख्या शिखरांपैकी एक तासातासाला बसत चालले होते आणि दुसरे जागचे हलत नव्हते. इतक्या सौम्य तापमानाला, कोणत्याही जड धातूविना, नुसते गाळून बाजूला काढता येईल अशा उत्प्रेरकाने हे साधते, हे पाहणे हा रसायनशास्त्रातील एक निखळ आनंद आहे.

मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला हवी. या विभाजनात उत्पन्न ५० टक्क्यांपलीकडे जात नाही, कारण निम्मा माल दुसऱ्या रूपाचा असतो. तो परत मिश्र रूपात आणून पुन्हा विकरासमोर ठेवण्यासाठी रुथेनियमची संयुगे वापरली जातात, आणि त्या क्षणी ‘धातूविना’ हा दावा संपतो. ती पद्धत उत्कृष्ट आहे, मात्र तिच्या हिशेबात रुथेनियमही धरावे. व्हिनाइल ॲसिटेटमधून बाहेर पडणारे ॲसिटाल्डिहाइड प्रथिनातील लायसीनशी जोडले जाऊ शकते. लायपेज-बी ते बरेच सहन करते, तरीही अनेकदा पुनर्वापर करायचा असेल तर आयसोप्रोपेनिल ॲसिटेट घ्यावे; त्यातून ॲसिटोन निघते, जे निरुपद्रवी आहे आणि सहज उडून जाते.

बायोडिझेलसाठी हे मणी घ्यावेत का, असे मला अनेकदा विचारले जाते. अभ्यासासाठी घ्यावेत, उत्पादनाच्या आशेने घेऊ नयेत. न विरघळलेले मेथॅनॉल विकराला निकामी करते, म्हणून ते एकदम न घालता टप्प्याटप्प्याने घालावे लागते. तीन टप्प्यांची ही युक्ती १९९९ पासून प्रसिद्ध आहे. उपउत्पादन म्हणून निघणारे ग्लिसरॉल मण्यांना चिकट थरासारखे लपेटते आणि प्रत्येक बॅचनंतर टर्शरी ब्युटॅनॉलने धुतल्याखेरीज सुटत नाही. इतक्या स्वस्त इंधनासाठी इतका मौल्यवान उत्प्रेरक आणि इतकी धुलाई हे गणित माझ्या प्रयोगांत कधीच जमले नाही.

आता पुरवठादारांविषयी. माझी सर्वांत मोठी तक्रार डब्यावरच्या एककांबद्दल आहे. कोणी सक्रियता प्रोपिल लॉरेटच्या संश्लेषणावरून मोजतो, कोणी ट्रायब्युटिरिनच्या विघटनावरून. पहिली चाचणी तेलकट, जवळजवळ कोरड्या माध्यमातली आहे, दुसरी पाण्यातली. या दोन आकड्यांची तुलना करता येत नाही, आणि तरीही त्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून ‘आमचे विकर अधिक सक्रिय’ असे सांगणारे विक्रेते मला भेटले आहेत. एका पुरवठादाराकडून वर्षभराच्या अंतराने मागवलेल्या दोन डब्यांवर एकच आकडा छापलेला होता. आमच्या चाचणीत मात्र दुसरा डबा स्पष्टपणे मंद निघाला. विचारणा केल्यावर उत्तर यायला दीड महिना लागला आणि त्यातही ओलाव्याचे प्रमाण सांगितलेले नव्हते. त्यानंतर आम्ही एक नियम घालून घेतला: नवा डबा आला की त्यातले थोडे मणी आपल्याच अभिक्रियेवर, आपल्याच मांडणीत, जुन्या डब्याशी तुलना करून तपासायचे आणि ती तारीख डब्यावर लिहून ठेवायची. कागदावरच्या आकड्यापेक्षा ही अर्ध्या दिवसाची चाचणी अधिक खरी असते. डबा थंड जागी ठेवावा, पण उघडण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, नाहीतर हवेतील बाष्प आत मण्यांवर जमते. भरडलेल्या मण्यांची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. विकरांच्या धुळीने श्वसनमार्गाची ॲलर्जी होते आणि ती एकदा झाली की आयुष्यभर सोबत राहू शकते.

जिवाणूंचा अनुभव याहून वेगळा आहे. नायट्राइलपासून अमाइड बनवण्यासाठी आम्ही ऱ्होडोकॉकस ऱ्होडोक्रस या जिवाणूच्या पेशी वापरल्या. या कामात या जिवाणूची कीर्ती मोठी आहे: त्याचा जे-१ हा वाण १९९१ पासून जपानमध्ये ॲक्रिलोनायट्राइलपासून ॲक्रिलामाइड बनवण्यासाठी औद्योगिक स्तरावर वापरला जातो. त्याआधीची रीत तांब्याच्या उत्प्रेरकाची होती. तिच्यात तापवावे लागे, न उरकलेले नायट्राइल परत फिरवावे लागे आणि उत्पादनातून तांबे काढून टाकावे लागे. जिवाणूतले नायट्राइल हायड्रेटेज हे विकर तेच काम थंड पाण्यात आणि जवळजवळ पूर्ण रूपांतर करून पार पाडते, आणि आम्लापर्यंत पुढे जात नाही. आम्ही ॲक्रिलोनायट्राइलचे विषारीपण टाळून ३-सायनोपिरिडीनपासून निकोटिनामाइड बनवले.

इथे ‘उत्पादन’ विकत मिळते ते गोठवून वाळवलेल्या संवर्धनाच्या एका छोट्या कुपीच्या रूपात. बाकी सगळे आपल्यालाच करावे लागते. माध्यमात युरिया आणि कोबाल्ट क्लोराइड घातले तरच पेशी हे विकर भरभरून बनवतात, कारण विकराच्या गाभ्यात कोबाल्ट असते. सेंट्रिफ्यूजच्या नळीच्या तळाशी साचलेला पेशींचा गोळा फिकट गुलाबी दिसतो, जिवाणूच्या नावातच तो रंग आहे. हा गोळा सोडियम अल्जिनेटमध्ये कालवून सुईतून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंब थेंब सोडला की प्रत्येक थेंबाचा मऊ मणी होतो. इथेच आमच्या हातून एक चूक झाली, ती सांगणे उपयोगाचे आहे. अभिक्रियेसाठी आम्ही सवयीने फॉस्फेट बफर घेतले. सकाळी पाहतो तर मणी नाहीत, सगळा गुलाबी गढूळ द्रव. फॉस्फेटने अल्जिनेटमधले कॅल्शियम ओढून घेतले आणि जाळेच सुटले. ट्रिस बफर घेऊन त्यात थोडे कॅल्शियम क्लोराइड घातल्यावर मणी कित्येक दिवस टिकले.

मण्यांवरचे लायपेज वजन करून टाकता येते. जिवाणू मात्र पाळावा लागतो. त्याला निर्जंतुक भांडी, १२१ अंशांचे ऑटोक्लेव्ह, रोजची देखरेख आणि संसर्ग झाला तर पुन्हा आरंभापासून सुरुवात करण्याची तयारी लागते. एखाद्या वाणात अमायडेज हे अमाइड तोडणारे विकर जास्त असेल तर अमाइड तिथेच न थांबता आम्लापर्यंत जाते, आणि मग निकोटिनामाइडऐवजी निकोटिनिक आम्ल हाती येते. म्हणून वाणाची निवड हाच अर्धा प्रयोग आहे. दुसऱ्या बाजूने, विकर शुद्ध करण्याचा सगळा खर्च आणि श्रम वाचतात, आणि जी विकरे पेशीबाहेर काढली की लगेच मरतात ती पेशीच्या आत सुरक्षित राहतात. ज्यांच्याकडे सूक्ष्मजीवशास्त्राचा सहकारी आहे आणि अभिक्रिया पाण्यातच करायची आहे, त्यांनी जिवाणूचा मार्ग घ्यावा. ज्यांच्याकडे फक्त रसायनशास्त्राची मांडणी आहे त्यांनी आधी मण्यांपासून सुरुवात करावी.

आणि शेवटी ‘हरित’ या शब्दाविषयी, कारण ही सर्व उत्पादने त्याच शब्दाखाली विकली जातात. १९९२ मध्ये शेल्डन यांनी मांडलेला ई-घटक, म्हणजे एक किलो उत्पादनामागे निघणारा कचरा, हे आजही सर्वांत उपयुक्त मोजमाप आहे. तेलशुद्धीकरणात तो ०.१ पेक्षा कमी असतो तर औषधनिर्मितीत २५ ते १०० पर्यंत जातो. मात्र मूळ हिशेबात पाणी धरले जात नव्हते, आणि जिवाणूंच्या प्रक्रियांना त्याचा अनाठायी फायदा मिळतो. आमच्या निकोटिनामाइडच्या प्रयोगात पेशी वाढवायला, धुवायला आणि उत्पादन वेगळे करायला लागलेले पाणी आणि ते उडवायला लागलेली वीज मांडली, तेव्हा विरळ द्रावणावर केलेला प्रयोग अजिबात हरित नव्हता. तोच प्रयोग अनेक पटींनी सांद्र द्रावणावर केला तेव्हा कुठे तो त्या नावाला पात्र ठरला. कोबाल्ट असलेले उरलेले माध्यम नाल्यात सोडता येत नाही, तेही हिशेबात आले. लायपेजच्या मण्यांचे पारडे मेणासारख्या एस्टरच्या बाबतीत निर्विवाद जड आहे, कारण तिथे द्रावक नाही, धुलाई नाही आणि तापमान कमी आहे. पण मणी स्वतः खनिज तेलापासून बनलेले प्लॅस्टिक आहेत, आणि चार बॅचनंतर फेकले तर प्रत्येक किलो उत्पादनामागे त्या प्लॅस्टिकचा वाटा ठळक होतो. एखाद्या शोधनिबंधात पुनर्वापराच्या पाच-सहा फेऱ्यांचे स्तंभ दिसतात तेव्हा मी आधी पाहते की प्रत्येक फेरी पूर्ण रूपांतरापर्यंत चालवली आहे का. तसे असेल तर उत्प्रेरकाची झीज झाकली जाते, कारण निम्मे विकर मेले तरी पुरेसा वेळ दिल्यावर रूपांतर पूर्णच दिसते. सुरुवातीच्या तासाचा वेग प्रत्येक फेरीत मोजला असेल तरच तो आलेख विश्वास ठेवण्याजोगा.

आमच्या प्रयोगशाळेत वापरून संपलेले मणी आता एका बरणीत साठवले आहेत. थकलेल्या मण्यांवरचे उरलेसुरले प्रथिन धुऊन काढून त्याच रेझिनवर ताजे विकर पुन्हा बसवता येते का, हे तपासायला आम्ही सुरुवात केली आहे. अधिशोषण नाजूक असल्याची जी तक्रार मी वर केली, तीच इथे कदाचित सोय ठरेल. पुरवठादारांनी वापरलेले मणी परत घ्यायला सुरुवात केली आणि डब्यावर एककासोबत चाचणीचे माध्यम, तापमान व ओलावा छापला, तर या उत्पादनाची शिफारस मी आजच्यापेक्षाही मोकळ्या मनाने करेन. तोवर, एस्टर आणि अल्कोहोल-विभाजनासाठी ते अवश्य घ्यावे, पहिल्या दिवसापासून चुंबकीय दांडी बाजूला ठेवावी, आणि पहिली मागणी लहानात लहान डब्याची करावी.